क्विटोजवळची मेघवनं: चार दिवस मोकळे असतील तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं जुलैत गॅलापागोसला निघाला आहात आणि त्याआधी इक्वेडोरच्या राजधानीत, क्विटोत, चार दिवस मोकळे आहेत. एक दिवस मिंडोची, म्हणजे क्विटोच्या वायव्येला डोंगरउतारावरच्या गावाची, सहल आणि तीन दिवस ॲमेझॉन, असा बेत तुमच्या ट्रॅव्हलवाल्यांनी सुचवलाय. पक्षी बघण्याची सवय आंबोली-कोयनेतली, एकाचा गुडघा कुरकुरतो, दोघंही शाकाहारी. अस्वल दिसेल का, हेही विचारलंय. तर या चार दिवसांचं काय करावं?

ॲमेझॉन या खेपेला सोडून द्या. विमान, मग तासन्‌तास होडी, परत तेच. तीन दिवसांतला निम्मा वेळ वाटेतच जातो. अँडीजचा पूर्वेकडचा उतार, पापायाक्ता घाटापलीकडचा, फार सुंदर आहे, पण जून-जुलैत तिकडे पावसाचा जोर असतो. पश्चिम उताराला त्याच वेळी उघडीप असते. जून ते सप्टेंबर हा तिथला कोरडा काळ. अर्थात कोरडा म्हणजे मेघवनापुरता, सतत धुक्यात भिजणाऱ्या डोंगरी जंगलापुरता, कोरडा; छत्री लागणारच.

आणि ती एक दिवसाची मिंडो सहल मुळीच घेऊ नका. ती क्विटोहून सकाळी आठला निघते आणि साडेदहाला मिंडोत पोचते, म्हणजे नेमकी पक्ष्यांची न्याहारी आटोपल्यावर. विषुववृत्त अगदी जवळ असल्यामुळे वर्षभर सहा-सव्वासहाला उजाडतं, आणि पहिले तीन तासच खरे कामाचे. पॅसिफिकवरून आलेली दमट हवा दिवसभरात डोंगर चढत जाते, वर थंड होते आणि दुपारपर्यंत धुकं होऊन झाडांत शिरते. पर्यटकांची बस पोचते तेव्हा पडदा पडायला लागलेला असतो. मग त्यांना केबलच्या पाळण्यातून दरी ओलांडायला लावतात, धबधबा दाखवतात, चॉकलेट खाऊ घालतात आणि परत आणतात. चॉकलेट चांगलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही.

माझं म्हणणं असं की इथे गाव बघून बेत आखायचा नसतो, उंची बघून आखायचा असतो. क्विटो २,८५० मीटरवर आहे. शहराच्या डोक्यावर पिचिंचा ज्वालामुखी, आणि त्याच्या पलीकडच्या कुशीतून जमीन जी घसरत जाते ती साधारण ८० किलोमीटरच्या रस्त्यात मिंडोच्या १,२५० मीटरवर येते. हजार मीटर उतरलं की हवा ढोबळ मानाने सहा अंशांनी उबदार होते. त्यामुळे तीन-चारशे मीटर खाली आलात की झाडं बदलतात, हमिंगबर्ड बदलतात, बेडूक तर पार बदलतात. आपल्याकडे आंबोली ते सावंतवाडी घाट उतरताना जंगल बदलतं, पण तिथे सगळा खेळ सात-आठशे मीटरचा. इथे तो अडीच-तीन हजार मीटरचा आहे. महाराष्ट्रापेक्षा लहान असलेल्या या देशात पक्ष्यांच्या १,६०० हून अधिक जाती आणि त्यांत हमिंगबर्डच्याच सुमारे १३०, याचं बरंचसं उत्तर या उतारांत आहे. एकाच उंचीवर चार दिवस घालवणारा माणूस चार वेळा जवळजवळ तीच यादी बघतो. चार दिवस चार उंचींवर काढलेत तर चार वेगवेगळी जंगलं बघाल.

तेव्हा पहिला मुक्काम तांदायापा खोऱ्याच्या वरच्या अंगाला, बेयाविस्ता लॉजच्या आसपास, २,२०० मीटरच्या सुमारास करा. विमान दुपारपूर्वी उतरलं तर विमानतळावरूनच गाडी करून थेट तिकडे जा. क्विटोत रात्र काढण्यापेक्षा खाली उतरून झोपलेलं शरीराला मानवतं. विरळ हवेने डोकं धरणं वगैरे बहुतेकांचं टळतं. संध्याकाळी उशिरा उतरणार असाल तर मात्र त्याच रात्री डोंगरात जायचा हट्ट नको. ताबाबेलाच्या विमानतळाजवळच राहा, तो शहरापेक्षा चारेकशे मीटर खाली आहे. पहाटे निघा. रात्री या रस्त्यांवर प्रवास करू नये असंच मी सगळ्यांना सांगतो: धुक्यामुळे, आणि अलीकडे सुरक्षेमुळेही. जानेवारी २०२४ मध्ये इक्वेडोर सरकारने टोळ्यांविरुद्ध देशांतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर केला होता. त्याची सर्वाधिक झळ किनाऱ्याकडच्या शहरांना बसली, मेघवनाच्या गावांना नव्हे. तरी दिवसाउजेडी प्रवास ही सवय सोडू नका आणि निघण्यापूर्वी ताजी परिस्थिती बघून घ्या.

बेयाविस्ताला पहिल्या रात्री जेवण झालं की लगेच खोलीत जाऊ नका. तिथे झाडावर केळी ठेवतात, आणि नशीब असेल तर ओलिंगुइटो येतो. जेमतेम किलोभराचा, तपकिरी-नारिंगी, दाट लोकरीचा, टेडीच्या तोंडाचा हा रॅकूनचा भाऊबंद २०१३ मध्ये विज्ञानाला ‘नवा’ म्हणून कळला. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या क्रिस्टोफर हेल्गेन आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. मांसभक्षी गणातली नवी जात अमेरिका खंडांत ३५ वर्षांत सापडली नव्हती. गंमत म्हणजे प्राणी अज्ञात नव्हताच. त्याची कातडी आणि कवट्या संग्रहालयांच्या खणांत चुकीच्या चिठ्ठ्या लावून पडून होत्या. एक मादी तर अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत वर्षानुवर्षं या पिंजऱ्यातून त्या पिंजऱ्यात फिरली. तिची ओलिंगो नावाच्या प्राण्याशी जोडी लावायचे, आणि ती काही केल्या जुळेना. जुळणार कशी, जातच वेगळी! गण मांसभक्षी असला तरी स्वारी खाते मुख्यतः फळं.

दुसरी पहाट सगळ्यांत मोलाची. नानेगालितो गावाजवळ आंखेल पाझ या शेतकऱ्याची जमीन आहे, ‘रेफुखियो पाझ दे लास आवेस’. साडेचार-पाचला निघायचं, अंधारात थोडं उतरायचं आणि आडोशामागे गप्प बसायचं. उजाडता उजाडता समोरच्या फांद्यांवर कॉक-ऑफ-द-रॉक या पक्ष्याचे नर नाचायला जमतात. लालभडक अंग, काळे-राखाडी पंख, आणि चोच दिसूच नये इतका मोठा गोल तुरा. अंगापेक्षा आवाज मोठा. डुकरं ओरडावीत तसा कल्ला करतात, वाकतात, उड्या मारतात, एकमेकांना हुसकावतात. मादी आली की कल्ला दुप्पट. तासाभरात सगळं आटोपतं आणि झाडं एकदम रिकामी होतात. गुडघ्याचं म्हणाल तर ही पायवाट उतरताना निसरडी असते. काठी घ्या आणि आदल्या दिवशीच गाइडला सांगून ठेवा, म्हणजे तो बाकीच्यांच्या आधी तुम्हाला घेऊन निघेल.

पण पाझ प्रसिद्ध झाले ते दुसऱ्याच पक्ष्यामुळे. नाचाच्या जागेकडे लोकांना नेता यावं म्हणून ते वाट काढत होते, तेव्हा उकरलेल्या मातीतले गांडूळ टिपताना त्यांना जायंट अँटपिटा दिसला. हा पक्षी म्हणजे अंड्याला उंच पाय लावून जमिनीवर सोडल्यासारखा. दाट झुडपाखाली राहणारा आणि इतका लाजाळू की हयात पक्षी बघण्यात घालवलेल्या लोकांनीही त्याचा फक्त आवाज ऐकलेला. पाझ यांनी चिकाटीने गांडुळं टाकून एका पक्ष्याचा विश्वास मिळवला, तिचं नाव ठेवलं मारिया, आणि ‘वेंगा, वेंगा, मारिया’ अशी हाक मारली की ती वाटेवर यायला लागली. आज तिथे वेगवेगळ्या अँटपिटांना वेगवेगळ्या नावांनी हाका मारतात. तुम्ही गेलात की बघा: माणूस डबीतलं गांडूळ काढतो, त्याचे तुकडे करून ओंडक्यावर ठेवतो, दोन पावलं मागे सरतो आणि हाक देतो. कधी मिनिटात पक्षी हजर, कधी अर्धा तास नुसती हाकाटी.

हे योग्य का, असं आपले बरेच पक्षीमित्र विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. जंगली पक्ष्याला हाताळलेलं अन्न द्यावं का? ताडोबात कोणी असं केलं तर मीच भांडेन. इथे मात्र मी पाझ यांच्या बाजूने आहे. जंगल खाजगी मालकीचं आहे, आणि त्या जमिनीला दुसरा धंदा उभाच होता: झाडं काढा, गवत लावा, गाई सोडा. या खोऱ्यातले कितीतरी डोंगर असेच बोडके झालेत, रस्त्याने जाताना दिसतीलच. पक्षी दाखवून घर चालतं हे एका शेतकऱ्याने करून दाखवलं म्हणून शेजारच्या चार जणांनी जंगल राखलं. मला खटकतं ते वेगळंच: मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला पुन्हा पुन्हा बोलावणं. तुमच्या गाइडने एकदा वाजवलं तर ठीक. तिसऱ्यांदा वाजवायला लागला तर ‘बास्ता’ म्हणा.

याच मुद्द्यावरून थोडं पुढे जातो, कारण त्याशिवाय हा भाग कळत नाही. क्विटोच्या वायव्येचं हे सगळं जंगल ‘चोको आंदिनो’ म्हणून ओळखलं जातं. २०१८ मध्ये युनेस्कोने सुमारे २ लाख ८६ हजार हेक्टरांना जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. पण असा दर्जा मिळाला म्हणून खाणी थांबत नाहीत; सोनं आणि तांबं जमिनीखाली आहे आणि परवाने वाटलेले होते. २० ऑगस्ट २०२३ रोजी क्विटोच्या मतदारांसमोर थेट प्रश्न ठेवला गेला: चोको आंदिनोत धातूंच्या खाणींना बंदी असावी का? सुमारे ६८ टक्क्यांनी ‘सी’, म्हणजे होय म्हटलं. शहरातल्या लोकांनी, त्यातल्या कित्येकांनी अँटपिटा कधी पाहिलाही नसेल, आपल्या शेजारच्या जंगलासाठी मत दिलं. पाण्याचा प्रश्न होता हेही खरं. शेवाळ, नेचे, ऑर्किड आणि ब्रोमेलियाडनी लगडलेली ही झाडं धुक्यातूनच पाणी गाळून घेतात आणि ओढ्यांना सोडतात. पाऊस नसतानाही झाडांखाली टपटप चालू असते ती त्यामुळे. आधी दिलेल्या परवान्यांचं काय, यावर वाद चालूच आहेत, आणि बेकायदा खाणकाम मतपेटीला विचारून होत नाही.

पाझकडची सकाळ संपली की दुपारी मिंडोत उतरा आणि दोन रात्री तिथे काढा. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. त्या दिवशी अर्धं क्विटो तिथे लोटतं आणि रस्त्यावर गाणी लागतात. हमिंगबर्डसाठी साखरपाण्याचे फीडर टांगलेल्या एखाद्या बागेत ती दुपार बसून काढा. हमिंगबर्ड तुमच्या कानाजवळून जाईल तेव्हा चेहरा हलवू नका, तो तुम्हाला चुकवतो. बूटेड रॅकेट-टेल ओळखायला सोपा: पायात पांढरे लोकरी मोजे आणि शेपटीच्या टोकाला दोन चकत्या. व्हायोलेट-टेल्ड सिल्फची जांभळी-निळी शेपूट त्याच्या अंगापेक्षा लांब. आपल्या शिंजिरांवरून अंदाज बांधू नका. शिंजीर बहुधा फुलाजवळ बसून पितो, हा हवेत थबकून पितो आणि मागेही उडतो.

तिसरी सकाळ मिल्पेच्या राखीव जंगलाची, मिंडोहून आणखी खाली, ११०० मीटरच्या आसपास. इथे क्लब-विंग्ड मॅनाकिन हा पक्षी मला सगळ्यांत जास्त आवडतो, आणि फोटोच्या नादात लोक त्याचं खरं वैशिष्ट्य विसरतात. नर पुढे वाकतो, पंख पाठीवर उचलतो आणि ‘टिक-टिक-टीईंग’ असा धातूच्या तारेसारखा सूर काढतो. हा आवाज गळ्यातून येत नाही. एका पिसाचं टोक दुसऱ्या पिसावरच्या खाचांवर सेकंदाला शंभरहून अधिक वेळा घासून येतो. रातकिडे करतात तेच, पण पक्ष्याने. त्यासाठी त्याच्या पंखाचं हाड पोकळ नाही, भरीव आहे. उडण्याची थोडी सोय त्याने सुरासाठी सोडली आहे. डोळे मिटून ऐका आणि मग दुर्बीण लावा.

त्याच रात्री बेडकांसाठी बाहेर पडा. आंबोलीत पावसाळ्यात टॉर्च घेऊन फिरला असालच, तेच इथे करायचं, फक्त जळवा नाहीत. पानांच्या उलट्या बाजूला ग्लास फ्रॉग बघा. पोटाची कातडी पारदर्शक, काहींचं धडधडणारं हृदयसुद्धा दिसतं. मिंडोजवळच्या लास ग्रालारियास राखीव जंगलात २००९ मध्ये एका संशोधक जोडप्याला काटेरी अंगाचा नखाएवढा बेडूक मिळाला. डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी फोटोसाठी बाहेर काढला तर अंग गुळगुळीत! आपण भलताच बेडूक उचलला असं त्यांना वाटलं. डबीत शेवाळ घातलं तेव्हा काटे परत आले. २०१५ मध्ये त्याचं वर्णन ‘प्रिस्टिमँटिस म्युटाबिलिस’ म्हणून झालं. पाचेक मिनिटांत तो कातडीचा पोत बदलतो. बेडकांना हात लावू नका, आणि एका जंगलातून दुसऱ्यात जाताना बूट ब्रशने धुऊन घ्या. कायट्रिड बुरशीने अँडीजमधले बेडूक फार मारले आहेत आणि ती ओल्या चिखलातून पसरते.

चौथ्या दिवशी यानाकोचाचं राखीव जंगल, ३,५०० मीटरच्या आसपास. ही उंची मुद्दाम शेवटी ठेवली; तोवर शरीर रुळलेलं असतं. तिसऱ्या दिवशी रात्रीची फेरी आटोपशीर घ्या, चौथ्या पहाटे गाडीने वर चढा, दुपारी क्विटोत. मुख्य वाट जवळजवळ सपाट आहे, तुमच्या गुडघ्याला सगळ्यांत सुखाची. श्वासाला मात्र जपून. इथे स्वोर्ड-बिल्ड हमिंगबर्ड येतो. शेपूट सोडली तर बाकीच्या अंगापेक्षा चोच लांब. चोचीने पिसं साफ करणं त्याला जमतच नाही, म्हणून पायाने खाजवतो. आणि नशीबच जोरावर असेल तर ब्लॅक-ब्रेस्टेड पफलेग, पायांवर पांढऱ्या पिसांचे गोंडे असलेला छोटासा काळपट हमिंगबर्ड. २००५ पासून तो क्विटो शहराचं मानचिन्ह आहे आणि पिचिंचाच्या कड्यांवर व आसपासच्या मोजक्या उतारांवर कसाबसा टिकून आहे. तो दिसेलच असं सांगणाऱ्या गाइडला पैसे देऊ नका.

अस्वलाचं विचारलंत. चष्मेवाला अस्वल, दक्षिण अमेरिकेतला एकमेव, या जंगलात आहे. माकिपुकुनाच्या भागात रानटी अवोकाडोची, स्थानिक भाषेत आग्वाकातियोची फळं पिकली की तो झाडावर चढून बसतो आणि तासन्‌तास खातो. पण फळं कधी पिकतील याचं वेळापत्रक झाडं ठरवतात. निघण्याआधी तिथे विचारा. ‘अस्वलं आली आहेत’ असं उत्तर आलं तर मिल्पेची सकाळ खुशाल तिकडे द्या. एरवी त्याच्यासाठी दिवस राखू नका. त्याच बाजूला तुलिपेला पूर्वी इथे राहणाऱ्या युम्बो लोकांनी बांधलेले दगडी हौद आहेत, आणि जंगलात त्यांच्या खोल खचलेल्या पायवाटा, ‘कुलुंको’, अजून सापडतात. डोंगरावरचे आणि किनाऱ्याचे लोक मीठ, मिरची, कापूस यांचा व्यापार याच वाटांनी करत. वाटेत तास मिळाला तर थांबा.

गाडी आणि गाइड चारही दिवसांसाठी एकच ठेवा. क्विटोच्या ला ओफेलिया स्थानकावरून मिंडोला थेट बस जाते आणि स्वस्तही आहे, पण पहाटे पाचला पाझच्या दारात ती सोडणार नाही. खर्च वाचवायचा तर मुक्काम साधा घ्या, गाइड साधा घेऊ नका. चलन अमेरिकी डॉलर, २००० सालापासून. पाच-दहाच्या नोटा भरपूर ठेवा. शंभरची नोट गावात कोणी हातात धरत नाही. कपडे थरांचे: यानाकोचाला स्वेटर आणि कानटोपी, मिल्पेला सुती शर्ट. जंगलात उजेड फार कमी, तेव्हा लांब पल्ल्याच्या जड लेन्सपेक्षा मोठ्या ॲपर्चरची हलकी लेन्स उपयोगी पडेल. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

जेवणाची काळजी नको, पण भाषा सांभाळा. ‘सिन कार्ने’ म्हटलं तर चिकन येऊ शकतं, कारण त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे लाल मांस. ‘नि पोयो, नि पेस्कादो’ म्हणजे कोंबडी नाही, मासे नाहीत, हे जोडून सांगा. बटाटा, चीज आणि अवोकाडोचं ‘लोक्रो दे पापा’ सूप थंडीत स्वर्ग वाटतं, मात्र रस्सा कोंबडीचा नाही ना हे विचारा. भात, घेवड्याची ‘मेनेस्त्रा’ आणि तळलेली कच्ची केळी कुठेही मिळतात. सोबत ठेच्याची बाटली असू द्या, त्यांची ‘आही’ चटणी असतेच, पण सवयीची गोष्ट वेगळी.

आता कागदपत्रं, कारण यात माणसं अडकतात. व्हिसाचे नियम भारतीय पासपोर्टसाठी गेल्या काही वर्षांत बदललेत. जुन्या ब्लॉगवर विसंबू नका, दूतावासाला विचारा. विमान अमेरिकेतून बदलणार असेल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो नसेल तर ॲमस्टरडॅममार्गे या. आणि पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रातच घ्या, पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टबरोबर ठेवा. तुम्ही मिंडोतच फिरलात की गॅलापागोसला, याच्याशी मुंबई विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कर्तव्य नाही. इक्वेडोर भारताच्या यादीत आहे, आणि प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. साठीपुढच्या माणसाला ही लस देताना डॉक्टर तब्येत तपासतात, तेव्हा तुमच्या डॉक्टरांशी आत्ताच बोला; लस चालणार नसेल तर त्याचं लेखी पत्र लागेल. ते आधी उरका, मग पाझकडची तारीख धरा, आणि बाकीचे मुक्काम तिच्याभोवती बसवा.